रस्ता दुखतो तो सांध्यात

२ ऑक्टोबर २०२२ रोजी, मध्यरात्र उलटून एक वाजल्यावर, पुण्यातल्या चांदणी चौकातला जुना पूल पाडला गेला. सुमारे ६०० किलो स्फोटकं आणि त्यासाठी पाडलेली १३०० हून जास्त छिद्रं. धूळ बसली तेव्हा दिसलं, की काही भाग सळयांना धरून लोंबकळतोच आहे. मग पोकलेन आणि ब्रेकर लावून उरलेलं उरकलं. जुन्या लोकांनी लोखंड घालताना हात आखडता घेतला नव्हता, एवढं मात्र त्या रात्री सिद्ध झालं.

खरी अडचण त्या पुलावरून जाणाऱ्या वाहतुकीची नव्हतीच. पूल मुंबई-बंगळुरू महामार्गाला आडवा होता आणि त्याच्या दोन पायांमध्ये मावतील तेवढ्याच लेन खालून जात होत्या. मागे रस्ता रुंद, पुढे रुंद, मध्ये गळा आवळलेला. म्हणून पूल पाडल्यानंतरचे कित्येक दिवस बाजूचा कातळ फोडण्यात गेले. पूल पाडणं हे प्रसिद्धीचं काम होतं, कातळ फोडणं हे कामाचं काम. १२ ऑगस्ट २०२३ ला नव्या चौकाचं उद्घाटन झालं. मुख्य रस्ता, रॅम्प आणि सेवारस्ते मिळून जवळपास १७ किलोमीटरचं ते जाळं आहे. एका चौकासाठी १७ किलोमीटर! ऐकायला अजब वाटतं, पण माणसाच्या गुडघ्यातही हाडापेक्षा गुंतागुंत जास्तच असते.

शहरातल्या महामार्गांबद्दल बोलताना आपण लांबी, रुंदी आणि कोटी सांगतो. माझं मत असं, की सरळ पट्टा सहसा कुणाला त्रास देत नाही. रस्ता दुखतो तो सांध्यात. तीन लेनच्या दोन होतात तिथे, सेवारस्ता मुख्य रस्त्याला मिळतो तिथे, पूल मातीला टेकतो तिथे, एका खात्याची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते तिथे.

गळ्याचा हिशोब अगदी साधा आहे. भारतीय रस्ते परिषदेच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) शहरी निकषांत वाहतूक ‘कार एकक’ धरून मोजतात. मोटार म्हणजे १, दुचाकी अर्धी ते पाऊण, बस किंवा ट्रक दोन ते पावणेचार. सहापदरी मुख्य रस्त्याला दोन्ही दिशा मिळून ताशी ५४०० एककं झेपतात, चौपदरीला ३६००. म्हणजे लेनमागे ९०० धरा. सहापदरी रस्ता भरून वाहत आला आणि पुढे चौपदरी पूल लागला, तर एका दिशेला २७०० येणार आणि १८०० जाणार. तासाभरात ९०० गाड्या मागे साठल्या. थांबलेली गाडी पुढच्या-मागच्या फटीसकट सात मीटर जागा घेते असं धरलं, तर तीन लेनमध्ये ही रांग २१०० मीटर होते. सकाळी साडेआठला सुरू झालेला प्रकार साडेनऊला दोन किलोमीटर मागे पोचलेला असतो, आणि दहाला गाड्या कमी झाल्या तरी रांग लगेच ओसरत नाही, कारण साठलेलं पाणी आधी वाहून जावं लागतं.

या रांगेचा एक विचित्र स्वभाव आहे. पुढे कुणी ब्रेक दाबला की त्याची लाट मागे सरकत जाते, साधारण ताशी १५ ते २० किलोमीटरने. आपण जिथे थांबतो तिथे कारण नसतंच. ते वीस मिनिटांपूर्वी पाच-सहा किलोमीटर पुढे घडून गेलेलं असतं. म्हणून कोंडी सुटल्यावर लोक डावीकडे-उजवीकडे बघत ‘अपघात कुठे झाला?’ विचारतात आणि काहीच दिसत नाही.

देहूरोड-कात्रज बायपास बांधला तेव्हा वाकड, बाणेर, बावधन, वारजे, नऱ्हे ही गावं होती. मुंबई-बंगळुरू वाहतूक शहराबाहेरून काढावी, एवढाच उद्देश. खालून जाणारे भुयारी मार्गही त्याच मापाचे, गावाला शेतात जायला-यायला पुरतील असे. मग हिंजवडीत आयटी पार्क आलं, गावांच्या जागी सोसायट्या आल्या, आणि बाह्यवळण शहराच्या पोटातून जाऊ लागलं. आज वाकडला किंवा भूमकर चौकात त्या भुयारी मार्गांतून ज्या गाड्या जातात त्या शेतावर निघालेल्या नाहीत. भुयार रुंद करणं म्हणजे वरचा महामार्ग चालू ठेवून त्याखालची भिंत हलवणं. डोक्यावरचा हंडा न उतरवता चप्पल बदलण्याचा प्रकार.

त्यात सेवारस्ते तुटक. मध्येच ओढा येतो, न मिळालेली जागा येते, एखादा जुना पूल येतो, आणि सेवारस्ता संपतो. वारज्याहून बावधनला भाजी आणायला निघालेला माणूस नाइलाजाने महामार्गावर चढतो आणि दोन किलोमीटरवर उतरतो. त्याच्या शेजारून कोल्हापूरहून मुंबईला निघालेला कंटेनर जातो. एक ताशी ३० ने, दुसरा ८० ने. महामार्गात शिरायला रॅम्पच्या पुढे दोन-अडीचशे मीटरची स्वतंत्र लेन हवी, म्हणजे शिरणाऱ्याला वेग गाठता येतो. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी दुभाजकातली एक फट असते आणि पुढे देवाचं नाव. त्याहून वाईट म्हणजे चढायची जागा आणि उतरायची जागा एकमेकांपासून शे-दोनशे मीटरवर. चढणाऱ्याला उजवीकडे जायचं असतं, उतरणाऱ्याला डावीकडे यायचं असतं, आणि दोघे तेवढ्याच तुकड्यात एकमेकांची वेणी घालतात. वेणी लांब असली तर पेड सुटे राहतात. आखूड असली तर गाठ बसते.

याच बायपासवरचा नवले पूल हाही सांधाच, फक्त तो उताराचा आणि वस्तीचा. नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडल्यावर रस्ता सलग उतरत पुलाकडे येतो. डिझेल वाचवायला काही ट्रकचालक गाडी न्यूट्रल करतात. आता चाकांना रोखणारी इंजिनाची ओढ उरत नाही, सगळा भार ब्रेकवर. ४० टनांचा ट्रक १०० मीटर उंची उतरतो तेव्हा जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तिच्यात सव्वाशे लिटर पाणी उकळीला येईल. ही सगळी उष्णता ड्रम आणि लायनरमध्ये शिरते. लायनर तापले की घर्षण कमी होतं, चालक पुन्हा पुन्हा पेडल मारतो, ब्रेक ज्या दाबलेल्या हवेवर चालतात ती टाकीतली हवा संपत येते आणि इंजिन बंद केलेलं असेल तर कॉम्प्रेसर ती भरत नाही. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री इथे ४८ गाड्यांचं नुकसान झालं. १३ नोव्हेंबर २०२५ ला एका कंटेनरने अनेक गाड्यांना धडक दिली आणि आठ माणसं गेली. दर वेळी ‘ब्रेक निकामी’ असं छापून येतं. ब्रेक तिथे पोचेपर्यंत निकामी केले जातात, हे अधिक खरं. आणि चालकाची चूक मोजून झाल्यावरही प्रश्न उरतोच, की लांब उताराच्या नेमक्या पायथ्याशी स्थानिक वाहतूक महामार्गात मिसळेल अशी आखणी टिकू का दिली? वेगमर्यादेची पाटी उताराच्या माथ्यावर चालकाला न्यूट्रलपासून रोखत नाही. तिथे ट्रक थांबवून खालचा गिअर टाकायला लावणारा माणूस लागतो, आणि हाताबाहेर गेलेला ट्रक घुसवायला बाजूला वाळू-खडीची चढती पट्टी लागते.

उड्डाणपुलांबद्दल पुण्यात श्रद्धा मोठी. गणेशखिंड रस्त्यावर विद्यापीठ चौकातले पूल २०२० मध्ये मेट्रोसाठी पाडले, तेव्हा त्यांना दोन दशकंही झाली नव्हती. पुलाचं गणित कागदावर मांडून बघण्यासारखं आहे. खालून गाड्या जायला साडेपाच मीटर उंची मोकळी हवी, वर गर्डर आणि स्लॅबची जाडी दोनेक मीटर. म्हणजे साडेसात मीटर चढायचं. मिश्र वाहतुकीला, भरलेल्या पीएमपी बसला आणि डबलसीट मोपेडला झेपेल असा चढ म्हणजे ३० मीटरला १ मीटर. एका बाजूचा रॅम्प सव्वादोनशे मीटर झाला, माथ्याचा आणि पायथ्याचा बाक धरून अडीचशे. पुढचा चौक साडेचारशे मीटरवर असेल, तर रॅम्प संपल्यापासून सिग्नलपर्यंत २०० मीटर उरतात. दोन लेनमध्ये तिथे ६० गाड्या मावतात. पुलावरून मिनिटाला ३० येत असतील आणि दिवा दोन मिनिटं लाल असेल, तर जागा बरोबर भरते. तिसऱ्या मिनिटाला रांग रॅम्पवर. पूल कोंडी सोडवत नाही असं नाही. तो ती उचलून पुढच्या चौकात नेऊन ठेवतो, आणि तिथे ती मावते का हे कुणी आधी मोजलं होतं का, हा प्रश्न उद्घाटनाच्या भाषणात येत नाही.

पुलावर चढताना गाडीला बसणारा तो धक्का सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पूल पायांवर उभा असतो, पाया खडकात. तो खचत नाही. त्याला टेकलेला भराव मातीचा. सात मीटरचा भराव २०-२० सेंटीमीटरच्या थरांत, पाणी मारून, रोलर फिरवून घालायचा म्हणजे ३५ थर होतात. पुलाच्या भिंतीजवळच्या शेवटच्या मीटरभरात मोठा रोलर जाऊ शकत नाही, तिथे हातरोलर किंवा प्लेट कॉम्पॅक्टर हवा आणि थर आणखी पातळ हवेत. घाईत हेच राहतं. भराव नुसता एक टक्का दबला तरी सात सेंटीमीटर बसतो. या दोहोंना जोडायला किमान साडेतीन मीटर लांबीचा अप्रोच स्लॅब टाकतात, एक टोक पुलावर टेकलेलं, दुसरं भरावावर. खालची माती बसली की स्लॅब फळकुटासारखा कलतो. भिंतीमागचा दगडगोट्यांचा निचऱ्याचा थर नीट नसेल तर पावसाचं पाणी बारीक माती घेऊन भोकांतून बाहेर येतं. भिंतीवर लाल ओघळ दिसले की समजायचं, वर पोकळी होते आहे. उपाय म्हणून वर डांबर ओततात. दोन पावसाळ्यांनी पुन्हा ओततात.

पुलावरचा दुसरा आवाज, खट्-खट्, हा प्रसरण सांध्यांचा. ३० मीटरचा गर्डर हिवाळ्याच्या पहाटेपासून उन्हाळ्याच्या दुपारपर्यंत, तीस अंशांच्या फरकाला, ११ मिलिमीटर वाढतो. तीन गाळे, म्हणजे खांबांमधले तीन टप्पे, सलग असतील तर ३२. म्हणून फट ठेवून तीत रबराची पट्टी बसवतात. या फटीत खडे आणि माती अडकून ती घट्ट झाली की पूल वाढायला जागा शोधतो आणि कडेचं काँक्रीट उडवतो. रबर फाटलं की पाणी थेट खालच्या बेअरिंगवर, म्हणजे गर्डर ज्या उशीवर टेकतो तिच्यावर. सांधा साफ करायला लागतात दोन माणसं, एक कॉम्प्रेसर आणि रात्रीचे काही तास. बदलायला लागतात पुलाची अर्धी रुंदी आणि कित्येक आठवडे.

काँक्रीटच्या रस्त्याकडे आता सगळे वळले आहेत, ‘एकदाच करा, खड्ड्यांची कटकट नको’ म्हणून. पण काँक्रीटचा रस्ता म्हणजे निव्वळ सांध्यांची मालिका. खाली दाबलेली माती, त्यावर खडी-मुरमाचा निचऱ्याचा थर, मग १५ सेंटीमीटर कोरडं, रोलरने दाबलेलं, कमी सिमेंटचं काँक्रीट, त्यावर प्लास्टिकचा कागद आणि वर ३० सेंटीमीटरचा एम-४० दर्जाचा स्लॅब. साडेतीन मीटरच्या एका लेनला किलोमीटरमागे हजारावर घनमीटर काँक्रीट लागतं, म्हणजे सहा घनमीटरच्या मिक्सरच्या पावणेदोनशे फेऱ्या. या फेऱ्याही शहराच्या वाहतुकीतूनच येतात. मिक्सर कोंडीत अडकला की काँक्रीट गाडीतच आवळू लागतं, आणि मग उतरवताना त्यात पाणी मारायचा मोह होतो. तिथेच ताकद गेली.

दर साडेचार मीटरला आडवा काप. त्याखाली ३० सेंटीमीटर अंतराने अर्धा मीटर लांबीच्या गुळगुळीत सळया, डॉवेल. किलोमीटरला सव्वादोनशे काप आणि अडीच हजारांच्या आसपास डॉवेल. डॉवेलचं काम नाजूक असतं. भार एका स्लॅबवरून दुसऱ्यावर न्यायचा, पण स्लॅबला पुढे-मागे सरकू द्यायचं. म्हणून त्याच्या अर्ध्या अंगाला काँक्रीट चिकटू नये असं आवरण घालतात आणि तो रस्त्याच्या रेषेला अगदी समांतर बसवतात. काही डॉवेल तिरके बसले की दोन स्लॅब एकमेकांना कुलूप लावतात आणि तडा कापात न पडता भलतीकडे, स्लॅबच्या मध्यावर पडतो.

कापाची वेळ हे तर अनुभवाचं काम. काँक्रीट ओतल्यावर चार ते बारा तासांच्या आत जाडीच्या पाव ते एकतृतीयांश, म्हणजे साडेसात ते दहा सेंटीमीटर खोल कापायचं. लवकर कापलं तर कडेची खडी उपटते. उशीर झाला तर काँक्रीट आपला काप आपणच घेतं, वेडावाकडा. एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात ही वेळ चार-पाच तासांवर येते. दुपारी दोनला ओतलेल्या काँक्रीटसाठी कटरवाला संध्याकाळी हजर हवा, आणि तो नेमका दुसऱ्या साइटवर असतो. म्हणून उन्हाळ्यात संध्याकाळनंतर ओतणं बरं. पुढे किमान १४ दिवस गोणपाट ओलं ठेवायचं, वाहतूक २८ दिवसांनी. एवढा काळ अर्धा रस्ता बंद ठेवणं कुठल्याच नगरसेवकाला परवडत नाही. बाराव्या दिवशी कुणीतरी बॅरिकेड सरकवतो. आणि नवं काँक्रीट जुना रस्ता न उकरता वरच टाकलं, तर पहिल्या पावसात दुकानाचा उंबरा रस्त्याच्या खाली गेल्याचं दुकानदाराला कळतं.

डांबराचं त्या मानाने सोपं आहे आणि तरी बिघडतं. मिश्रण प्लँटमधून दीडशे-एकशेपासष्ट अंशांना निघतं, पसरताना १४० च्या खाली येऊ नये, आणि रोलिंग ९० च्या आधी संपायला हवं. डंपर दोन तास कोंडीत उभा राहिला की रस्ता बनण्याआधीच खड्डा ठरलेला. चेंबरचं दुखणं वेगळं. दर वेळी चार-पाच सेंटीमीटरचा नवा थर आणि चेंबर तिथेच. तीन थरांनंतर झाकण वीतभर नसलं तरी चार बोटांहून खोल. दुचाकीवाला ते चुकवायला वळतो, मागचा ब्रेक मारतो, आणि वर सांगितलेली लाट सुरू होते.

चर खणणाऱ्यांचं तेच. पाण्याची लाइन, वीज, गॅस, ऑप्टिकल फायबर. चौघांच्या चार तारखा. चर भरताना १५-२० सेंटीमीटरचे थर, प्रत्येकावर पाणी आणि धुम्मस, वर काँक्रीट, मग डांबर, असं हवं. होतं असं, की निघालेला राडारोडाच परत लोटतात, वर ढीग करतात आणि ‘बसेल हळूहळू’ म्हणतात. तो बसतो, जून महिन्यात. हिंजवडीकडे तर रस्त्याच्या एकाच प्रवासात एमआयडीसी, पीएमआरडीए, ग्रामपंचायत, पिंपरी-चिंचवड महापालिका आणि महामार्ग प्राधिकरण एवढ्या हद्दी लागतात. पावसाचं पाणी या सगळ्या ओलांडून उताराने येतं. गटार मात्र प्रत्येकाचं आपल्या हद्दीपुरतं.

काम चालू असतानाची वाहतूक हा स्वतंत्र विषय आहे, पण एक गोष्ट सांगतोच. लेन बंद करताना पत्रे तिरके लावत न्यायचे असतात. ४० च्या वेगाला एक लेन मिटवायला ३५-४० मीटर, ८० च्या वेगाला पावणेदोनशे. प्रत्यक्षात पत्रा भिंतीसारखा एकदम समोर येतो आणि त्यावर ‘काम चालू, सहकार्य करा’. गल्लीच्या तोंडाशी हेच दोन मीटरचे पत्रे अगदी कोपऱ्यापर्यंत आणतात. गल्लीतून निघणाऱ्याला काही दिसत नाही, म्हणून तो चाक बाहेर काढून बघतो. शेवटचे १५-२० मीटर पत्र्याऐवजी जाळी लावली तर खर्च काहीच वाढत नाही.

आता रिंग रोड येतो आहे. मावळातल्या उर्शाहून निघून पश्चिमेने आणि पूर्वेने सातारा रस्त्यावर वरव्याला मिळणारा, ११० मीटर रुंदीचा, प्रवेश-नियंत्रित. प्रवेश-नियंत्रित म्हणजे दोन्ही बाजूंनी कुंपण आणि चढ-उतार फक्त ठरलेल्या इंटरचेंजवर. आराखडा हातात आला की मी आधी लांबी बघत नाही. नगर रस्ता, सोलापूर रस्ता, नाशिक रस्ता जिथे त्याला छेदतात तिथल्या पाकळ्या, म्हणजे इंटरचेंजचे वळणदार रॅम्प, बघतो, आणि दोन पाकळ्यांच्या मध्ये गावांना जोडणारा सेवारस्ता सलग आहे का ते बघतो. रस्ता अजून व्हायचा आहे, पण त्याच्या रेषेलगत शेतांत पाट्या उभ्या राहिल्या आहेत, ‘रिंग रोड टच प्लॉट, बुकिंग चालू’. कुंपण घातलेल्या रस्त्याला प्लॉट टच कसा होणार, हे पाटीवर लिहिलेलं नाही. बायपासच्या कडेलाही एके काळी अशाच पाट्या होत्या, आणि मग एकेका पाटीसमोर दुभाजकात एकेक फट पडली.